पियानोचं स्टूल

त्यांनी स्टूल मागितलं आणि मी दिलं.

माझी मुलगी त्यावर बसून पियानो वाजवत होती. एक रचना संपली होती, दुसरी सुरू व्हायची होती. तेवढ्या फटीत आप्पासाहेबांनी हात केला. म्हणाले, "ते स्टूल घे इकडं. व्याह्याले बसाले जागा नाही." शाळेच्या हॉलमध्ये अध्यक्षांच्या एकसष्टीची जेवणं चालली होती. खुर्च्या कमी पडल्या होत्या. मी मुलीच्या खांद्याला हात लावला. ती उठली. मी स्टूल उचललं, खिशातला रुमाल काढून पुसलं आणि अध्यक्षांच्या व्याह्यांच्या मागे नेऊन ठेवलं.

पुसायला कोणी सांगितलं नव्हतं.

व्याही बसले. स्टूल कोणी आणलं हे त्यांनी वळून पाहिलंही नाही. मुलगी पियानोसमोर उभी होती. हात अजून पट्ट्यांच्या वर, जसे होते तसे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत आप्पासाहेबच बोलले.

"उभ्यानं वाजव ना बाई. वाजवणारा कधी बसते का?"

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते. जेवण चांगलं झालं की लोक हसतात तसं. मीही हसलो.

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहितो. कारण त्या दिवशी जे झालं त्यात त्यांचा वाटा आहे तेवढाच माझा आहे, आणि माझा वाटा मला त्यांच्या वाट्यामागे लपवायचा नाही.

मी मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. संस्थेचं नाव लिहून उपयोग नाही, अशा संस्था सगळीकडे आहेत. अध्यक्षांना आम्ही दादासाहेब म्हणतो. आप्पासाहेब त्यांचे काका. धामणगाव बढ्याच्या बाजूच्या गावात त्यांचं मोठं शेत आहे आणि त्याच गावात आमचा मांगवाडा होता. माझे वडील त्या गावात डफडं वाजवायचे. लग्नात, बारशात, पोळ्याला, मयतीला. मी शिकलो, नोकरी लागली, गाव सोडलं. आडनावावरून काही कळत नाही. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं कोणी सरळ विचारलं नाही, आणि कोणी विचारू नये अशी व्यवस्था मी ठेवली होती. बोलणं सुधारलं. कपड्याला इस्त्री. घरात वाद्य नको, असा माझा नियम.

तो नियम मुलीने मोडला. ऋतुजा तिचं नाव. सहावीत असताना मोताळ्याच्या बाजारात जुनी इलेक्ट्रिक सामानं विकणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानात तिला एक कीबोर्ड दिसला. तीन पट्ट्या मुक्या होत्या. सलीमभाईंनी त्या उघडून, घासून बोलत्या करून दिल्या. पुढे बुलडाण्याला एक निवृत्त मिस भेटल्या, त्यांच्या घरी खरा पियानो होता. दर रविवारी एसटीने जाणं. मी सोबत जायचो, बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचो. आतून सूर यायचे आणि मला वाटायचं, हे ते नव्हे. हे वेगळं आहे. ह्याला डफड्याचा वास नाही.

असं वाटायचं मला. हेही लिहून ठेवतो.

मग आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो परदेशात असतो, नव्या हॉलसाठी पियानो दिला. मोठा, काळा, भिंतीला लावून ठेवायचा. त्यावर मखमली कापड टाकलं, कापडावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. वाजवणारं कोणी नव्हतं. दादासाहेबांची एकसष्टी जवळ आली तेव्हा मीटिंगमध्ये विषय निघाला की हॉलमध्ये काय ठेवायचं, आणि मी उठून म्हणालो, "माझी मुलगी वाजवते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला फार आवडलं. पत्रिकेत छापून आलं: दुपारी पियानोवादन, नृत्यसंगीत.

नृत्यसंगीत हे तिने निवडलं होतं. सगळे नाचाचेच प्रकार. मिन्युएट, वॉल्ट्झ, मझुर्का, आणि शेवटी कुठल्याशा दूरच्या देशातल्या खेड्यांमधले छोटे छोटे नाच, एकाला एक जोडलेले. ते तिला सगळ्यात आवडायचे. स्वयंपाकघरात ओट्यावर बोटांनी वाजवून दाखवताना ती आईला सांगत होती, की हे आधी नाचण्यासाठी होतं. मग लोक नाचायचे थांबले आणि बसून ऐकायला लागले. आता फक्त बोटं नाचतात.

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. लोक बसून ऐकायला लागले.

माझ्या वडिलांचं डफडं कोणी बसून ऐकलं नाही. त्यावर लोक नाचले, त्यावर जेवले, त्याच्या मागे मयतीला चालले. ऐकलं नाही कोणी. मला वाटलं, आता ऐकतील. नाव वेगळं, वाद्य वेगळं, पण ऐकतील.

ऋतुजाने मला एकच विचारलं होतं. "बाबा, लोक बसून ऐकतील ना?" तिला मोठा हॉल नको होता, हार नको होता, पत्रिकेत नावही नको होतं. अर्धा तास लोकांनी बसून ऐकावं एवढंच. मिसनी तिला सांगितलं होतं की पुढे हेच शिकायचं असेल तर आधी आपल्या माणसांसमोर वाजवून पाहा. ते झालं की ती ठरवणार होती. मी म्हणालो, "खुर्च्या मी स्वतः मांडेन." आणि मांडल्या. सकाळी लवकर जाऊन, पियानोकडे तोंड करून, रांगा सरळ. ती आली, तिने स्टूल गोल फिरवून आपल्या उंचीला लावलं, बसून पाहिलं, पुन्हा थोडं खाली घेतलं. समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. सत्कार झाले. भाषणं झाली. हार घालणाऱ्यांची रांग संपेना. उन्हाने हॉल तापला. शेवटी दादासाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सर, पोरीचं वाजवणं जेवतानाच होऊन जाऊ द्या. लोकायले भूक लागून राह्यली. मोठ्या हॉटेलात तसंच असते, जेवता जेवता संगीत."

मी म्हणालो, "हो दादासाहेब."

आचाऱ्याच्या माणसांनी टेबलं आत आणली आणि माझ्या रांगा मोडून खुर्च्या टेबलांना लावल्या. पियानोकडे पाठी झाल्या. ऋतुजा ते बघत होती. मी तिला सांगितलं की जेवतानाही लोक ऐकतातच. ती म्हणाली, "बरं." तिला माझ्यावर विश्वास होता.

तिने सुरुवात केली. मिन्युएट. हळू, नीटस, एकेक सूर पुसून ठेवल्यासारखा. वरणाची बादली फिरत होती, कोणी जिलेबी मागत होतं, कोणी मोबाईलवर सोयाबीनच्या भावाचं बोलत होतं. वाढायला आलेल्या आमच्या नववीच्या दोन मुली तेवढ्या थांबल्या. हातात पोळ्यांची टोपली तशीच. त्यांची तोंडं उघडी राहिली होती. हेडसरांनी त्यांना हाताने पुढे सरकवलं.

वॉल्ट्झ सुरू झाला तेव्हा दादासाहेबांच्या भाच्याच्या टेबलावरून आवाज आला. "नाचाचं हाय म्हणते ना? मंग नागीण होऊ दे." एकाने रुमालाची दोन टोकं दातात आणि हातात धरून डोकं हलवलं. टेबलभर हसू. ऋतुजा वळली नाही. वाजवत राहिली. तिचे कान लाल झाले होते, मला मागून दिसत होतं.

मी काय केलं? मी त्या टेबलाकडे पाहून हसलो. पोरांनो, पुरे आता, अशा अर्थाचं. मास्तर हसतात तसं.

आप्पासाहेब माझ्याकडे बराच वेळ बघत होते. वॉल्ट्झ संपला तशी त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. तोपर्यंत ते मला तुम्ही म्हणत होते. कुठले तुम्ही, विचारलं. मी तालुका सांगितला. गाव विचारलं. खोटं बोलता आलं असतं, पण दादासाहेब शेजारी बसले होते आणि माझी सगळी कागदपत्रं त्यांच्या ऑफिसात आहेत. मी गाव सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"म्हंजे तू त्या डफड्यावाल्याचा पोरगा?"

तुम्हीचं तू व्हायला एक घास गिळण्याइतका वेळ लागला.

मी मान हलवली. ते खुश झाले. खरंच खुश झाले, त्यात खोट नव्हती. दादासाहेबांना सांगू लागले की ह्याचा बाप आपल्या मांडवात वाजवायचा, काय हात होता त्याचा, पोरं रात्रभर नाचायची. मग पियानोकडे बघून मोठ्याने म्हणाले, "तरीच. मी म्हणतो हे पोरगी इतकं चांगलं कसं वाजवून राह्यली. रक्तात हाय ते. रक्त कुठं जाते?"

आजूबाजूची दोन-तीन टेबलं वळली. हॉलमध्ये काहीतरी सैल झालं. ते मी शब्दात नीट सांगू शकत नाही, पण ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. पाच मिनिटांपूर्वी ती गणिताच्या सरांची मुलगी होती आणि तिच्या बोटांतून येणारं ते काहीतरी परदेशी, अवघड, जरा भीती वाटावी असं होतं. आता ती वाजवणारी होती. वाजवणाऱ्याशी कसं वागायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाला शिकवावं लागलं नाही. तेवढ्यात व्याही आले, त्यांना खुर्ची नव्हती, आणि आप्पासाहेबांनी स्टूल मागितलं.

मलाही शिकवावं लागलं नाही.

ती उभ्याने वाजवू लागली. मझुर्का. पियानोला खाली पितळी पेडल असतात, उजव्या पायाने दाबले की सूर लांबतो. उभ्याने ते दाबायचं तर सगळं वजन डाव्या पायावर येतं आणि अंग पुढे वाकतं. ती वाकली. वेणी खांद्यावरून पुढे आली, पट्ट्यांवर लोंबायला लागली. ती मानेने मागे टाकायची, ती पुन्हा पुढे यायची. सूर चुकले. ती कधी चुकत नाही तिथे चुकले. आणि तरी थांबली नाही, कारण मी थांब म्हटलं नव्हतं.

जेवणाऱ्या माणसांसमोर ती कमरेत वाकून उभी होती. आणि मला वडील दिसले.

आप्पासाहेबांच्याच घरचं लग्न होतं. मी सोबत गेलो होतो. वडिलांना ताप होता. दुपारच्या पंगती बसल्या तेव्हा ते मांडवाबाहेर पडलेल्या लाकडावर टेकले. डफडं मांडीवर, हात चालूच. आतून कोणीतरी आलं आणि म्हणालं, "उठ बे. पंगत बसली का वाजवणारा बसत नसते." तो रिवाज होता. लोक बसले की आम्ही उभं राहायचं. शेवटची पंगत उठेपर्यंत वाजवायचं, मग जे उरेल ते जेवायचं. वडील उठले. पंगती उठेपर्यंत वाजवलं. घरी येताना त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, अगदी मायेने. म्हणाले, कोणी उठ म्हणायच्या आधीच उठत जाय. मंग ऐकावं लागत नाही.

ते शहाणपण होतं. त्यांच्याजवळ तेवढंच होतं, आणि ते त्यांनी मला दिलं. मी त्यावर आयुष्य काढलं. वर्गात शिकवलं भूमितीचं प्रमेय आणि जगलो ते हे. कोणी विचारायच्या आधी बाजूला. कोणी म्हणायच्या आधी हो. कोणी सांगायच्या आधी रुमाल काढून पुसून.

आणि आता ते माझ्या हातून माझ्या मुलीपर्यंत पोचलं होतं. तिला न सांगता. खांद्यावर एक हात ठेवून.

मी चालत टेबलाकडे गेलो. व्याह्यांच्या मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "उठा."

त्यांना वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणतोय. भाताचा घास हातात होता.

"हे स्टूल माझ्या मुलीचं आहे. तिला वाजवायचं आहे. उठा."

व्याह्यांनी दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेबांनी पोळी ताटात ठेवली. म्हणाले, "सर, काय करून राह्यले तुम्ही?" आवाज हळू होता. आप्पासाहेबांचा हळू नव्हता.

"जेवत्या माणसाले उठवते का बे? रीत आहे का काही?"

इतक्या वर्षांत कमावलेली माझी भाषा त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. तोंडातून घरची आली.

"वाजवत्या माणसाले उठवलं तवा रीत कुठं गेल्ती आप्पासाहेब? ते चालते, तं हे काऊन चालत नाही?"

हॉल गप्प झाला. दिवसभरात पहिल्यांदा. मुलीला हवी होती तेवढी शांतता तिला तेव्हा मिळाली, पण ती वाजवत नव्हती.

व्याही उठले. ते तसे साधे गृहस्थ असावेत, त्यांना काय चाललंय हेच कळत नव्हतं. उष्टा हात वर धरून उभे राहिले. कोणीतरी धावत आपली खुर्ची त्यांना दिली. म्हणजे खुर्ची होती. द्यायची असती तर आधीही होती.

मी स्टूल उचललं. ह्या वेळी पुसलं नाही. पियानोसमोर नेऊन ठेवलं. मला वाटलं आता ती बसेल. आता शेवटचे ते खेड्यांचे नाच वाजवील आणि हे सगळे गप्प बसून ऐकतील. मी माझ्या मनात तो शेवट लिहूनही टाकला होता.

ऋतुजा बसली नाही. तिने पट्ट्यांवरचं झाकण हळूच बंद केलं. मखमली कापड नीट पसरलं, फुलदाणी पुन्हा वर ठेवली. चप्पल घातली. माझ्या जवळ आल्यावर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, तुम्ही दिलं काऊन?"

घरी जाताना मोटारसायकलवर ती मागे बसली होती, पण तिने माझा खांदा धरला नव्हता. मागची कडी धरली होती.

त्यानंतर शाळेत दोन-तीन दिवस कोणी बोललं नाही. मग हेडसर आले. भला माणूस. म्हणाले, दोन शब्द बोलून टाका, जेवत्या पाहुण्याला उठवलं ते चुकलंच ना सर. मग दादासाहेबांचं बोलावणं आलं. त्यांच्या खोलीत आम्ही मास्तर लोक उभं राहून बोलतो. खुर्च्या समोर असतात, बसायला कोणी सांगत नाही आणि कोणी बसतही नाही. हाही एक रिवाजच. इतकी वर्षं मला तो दिसलाच नव्हता.

मी खुर्ची ओढली आणि बसलो.

दादासाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की सगळ्या स्टाफसमोर व्याह्यांची माफी मागा, विषय संपवू. नाहीतर वरवट बकालच्या शाखेत जागा रिकामी आहे. वरवट बकाल म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. घर इथे, मुलीची मिस बुलडाण्यात.

मी म्हणालो, "माफी मला घरी मागायची होती. ती मागितली. ती अजून मिळाली नाही. दुसरी माझ्याजवळ नाही."

"मंग जा वरवट बकालले."

"जातो."

स्टाफरूममध्ये माझं सामान बांधत होतो तेव्हा ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला ते सगळे वह्या तपासत होते. मान कोणाची वर आली नाही. मला त्यांचा राग आला, आणि लगेच लक्षात आलं की त्यांच्या जागी मी असतो तर त्यांच्यापेक्षा जास्त खाली मान घातली असती. तरी राग कमी झाला नाही. तो आता मी जपून ठेवणार आहे. इतकी वर्षं मी तो नम्रतेखाली दाबून ठेवला आणि लोक मला सज्जन म्हणाले. मला सज्जन म्हणू नका.

ऋतुजा घरी वाजवते. सलीमभाईंच्या त्याच कीबोर्डवर. पण कानाला हेडफोन लावून. मी बाहेरच्या खोलीत असतो तेव्हा मला सूर ऐकू येत नाहीत, फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते. ते शेवटचे नाच वाजवत असावी, टकटक तशी वेगाची असते. तिने मला ऐकू देणं बंद केलं आहे. बरोबर आहे तिचं. मी तिला हेडफोन काढ म्हणणार नाही. रडून दाखवणार नाही. बापाला समजून घे, असं तिच्या आईकडून निरोप पाठवून सांगणार नाही.

पुढे शिकायचं की नाही, लोकांसमोर वाजवायचं की नाही, हे ती ठरवील. वाजवलंच, तर पुण्यात वाजवो, बुलडाण्यात वाजवो, की आमच्या जुन्या गावात मांगवाड्यासमोर वाजवो. वडिलांचं नाव मी आता विचारायच्या आधी सांगणार आहे. डफडं वाजवायचे, असं सांगणार आहे. आणि तिच्या स्टुलाशेजारी मी असेन. ते मागायला कोणी आलं, कितीही मोठा पाहुणा असो, कितीही भूक लागलेली असो, तर त्याने हात पुढे करण्याआधी मला तिथून हलवून दाखवावं.

मी उठणार नाही.